थंडीत अंग का उलतं आणि तेल नक्की कधी लावायचं

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, पुण्याकडे सकाळी गाडीच्या काचेवर चांगलं दव असतं, आणि दुपारी पोटरीवर नखाने रेघ ओढली की पांढरीफटक उमटते. हवेत एवढा ओलावा असताना अंग उलतं कसं? तर गार हवेत पाण्याची वाफ मावतेच कमी, 10 अंशाला एका घनमीटरमध्ये जेमतेम साडेनऊ ग्रॅम, 30 अंशाला मात्र 30 ग्रॅमच्या आसपास. पहाटे हवा त्या साडेनऊ ग्रॅमनेच गच्च भरते म्हणून दव पडतं, पण तीच हवा दुपारी तापली की पाणी तेवढंच आणि जागा तिप्पट, म्हणजे आर्द्रता 30 टक्क्यांवर येते आणि मग आपल्या त्वचेतलं पाणी भराभर उडायला लागतं. म्हणजे खरा त्रास गारठ्याचा कमी आणि कोरड्या दुपारचा जास्त.

आता त्वचेचं बघा. तिचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी केसापेक्षाही पातळ, मेलेल्या चपट्या पेशींचा. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड असल्या स्निग्ध पदार्थांचा चुना. हा चुना शाबूत आहे तोवर आतलं पाणी फार बाहेर जात नाही.

आणि आपण काय करतो, तर गिझर फुल करून कडकडीत पाण्याने अर्धा तास आंघोळ, वर दोनदा साबण! गरम पाणी आणि साबण मिळून तो चुनाच धुऊन नेतात. त्वचेचा पीएच साधारण 5, म्हणजे किंचित आंबट, आणि नेहमीच्या साबणवडीचा 9 ते 10. टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश, 76 टक्के असलेला ग्रेड वन साबण आणला तरी पीएच तोच राहतो बरं का, त्यामुळे तेवढ्यावर खूश होऊ नका. थंडीत साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच लावला तरी पुरतो, बाकी अंगाला कोमट पाणी भरपूर झालं.

मग तेल कधी? दिवाळीच्या अभ्यंगासारखं आंघोळीआधी लावलं तर साबणाचा मारा जरा कमी बसतो, पण त्यातलं बरंचसं वाहून जातं. खरा फायदा आंघोळीनंतर, अंग टिपून अजून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावण्यात आहे, कारण तेल काय किंवा पेट्रोलियम जेली काय, ते पाणी आणून देत नाहीत, असलेलं आत अडवतात. रॉबर्ट चेसब्रोने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ती साधी व्हॅसलिन या कामात आजही भल्याभल्या महागड्या क्रीमना भारी पडते, फक्त चिकट लागते म्हणून लोक नाकं मुरडतात. ग्लिसरीनचं काम उलटं, ते पाणी धरून ठेवतं, पण कोरड्या हवेत नुसतंच चोपडलं तर ते त्वचेच्या आतलंच पाणी वर ओढतं, म्हणून पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून लावायचं आणि वरून तेलाचा हात फिरवायचा.

ओठ चाटू नका, थुंकी वाळली की आणखी फुटतात.

टाचांची गोष्ट वेगळी. तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात, कातडी जाड आणि वर सगळ्या अंगाचा भार, मग कोरडी पडली की ताणाने सरळ चिरते. कोकणात यावर कोकमाच्या बियांचं तेल वापरतात, मुठेल. थंडीत ते घट्ट गोळाच असतं, पळीत जरासं वितळवून, सोसेल इतकं निवू द्यायचं आणि भेगेत सोडायचं, की ते आत जाऊन थिजतं आणि तिथेच बसतं, नारळाच्या तेलासारखं मोज्याला पुसून जात नाही. बाजारात युरिया असलेली क्रीम मिळतात तीही चांगली, जाड कातडी मऊ करतात, फक्त उघड्या भेगेवर झोंबतात. वजरीने रोज खसाखसा घासणं मात्र सोडा, घासाल तेवढी कातडी आणखी जाड होते. आणि डायबेटिस असेल तर हे घरचे उपाय नकोत, विशेषतः गरम तेल तर अजिबातच नको कारण पायाला भाजलेलं कळतच नाही, भेगेतून रक्त किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.