रक्तगट वेगळा म्हणून नात्यातलं लग्न निर्धोक?

लातूर, नांदेड, धाराशिवकडे मामाच्या मुलीशी सोयरीक ठरत असली की बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: दोघांचा रक्तगट एकच तर नाही ना? वेगळा निघाला की सगळे निवांत होतात आणि सुपारी फुटते. मुळात नात्यातल्या लग्नातून होणाऱ्या बाळात काही दोष निघेल का, या काळजीचा रक्तगटाशी संबंधच नाही.

अशी लग्नं इथे जुनीच. शेजारच्या तेलंगण-कर्नाटकात मामा-भाचीचंही लग्न चालतं. उत्तर भारतात बहुतेक हिंदू घरांत मामेबहीण ही बहीणच. इरावती कर्वे यांनी 1953 साली आप्तसंबंधांवरच्या अभ्यासात महाराष्ट्र या दोन रीतींच्या मधला दाखवला. मामाची मुलगी चालते, आत्याची शक्यतो टाळतात. 1955 चा हिंदू विवाह कायदा अशा लग्नाला मनाई करतो, पण रूढी असेल तर मुभाही देतो. आणि पोरीची सासू आत्याच असते, ही सोय कोण सोडणार!

ए, बी, ओ हे रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये व्हिएन्नात मांडले. त्यांचा उपयोग मुख्यतः रक्त चढवताना. लग्नाशी नातं जोडलं ते 1940 मध्ये सापडलेल्या आरएच घटकानं: आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं, तर पुढच्या गरोदरपणात बाळाच्या तांबड्या पेशींना धोका. तो परक्यातल्या लग्नातही असतो आणि 1968 पासून त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. ‘रक्तगट बघून घ्या’ हा सल्ला बहुधा इथूनच पसरला आणि भलत्याच प्रश्नाला चिकटला.

खरा धागा 1902 मधला. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड अल्काप्टोन्युरिया हा दुर्मीळ विकार अभ्यासत होते; त्यात लघवी हवेत राहिली की काळी पडते. अशा मुलांचे आईबाप बरेचदा एकमेकांचे सख्खे चुलत-मामे भावंडं निघत. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी त्याचा अर्थ लावला तो मेंडेलच्या 1866 च्या, पण 1900 पर्यंत धूळ खात पडलेल्या आनुवंशिकतेच्या नियमांवरून.

समजा आजोबांच्या एखाद्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष आहे. ती आत्याकडून मुलाकडे आणि मामाकडून मुलीकडे येऊ शकते. दोघं ठणठणीत, कारण प्रत्येकाची दुसरी प्रत चांगली. पण दोघंही वाहक, म्हणजे एकेक सदोष प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळून विकार होण्याची शक्यता 25 टक्के.

सरसकट बघितलं तर चित्र एवढं भयंकर नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मदोषाची शक्यता साधारण 2 ते 3 टक्के असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात त्यात आणखी जवळपास तेवढीच भर पडते. मात्र एकाच घराण्यात पिढ्यानपिढ्या मामाचीच मुलगी येत गेली, तर हा हिशेब वाढतो.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक हिमोग्लोबिनचा प्रकार पाहणाऱ्या खास तपासणीत (नुसतं प्रमाण मोजणाऱ्या नव्हे) कळतात. बाकी असंख्य विकारांसाठी अशी एकच सोपी तपासणी नाही. म्हणून बैठकीत विचारायचंच असेल, तर दोन्हीकडच्या भावकीत जन्मतः बहिरं, मतिमंद किंवा तान्हेपणी दगावलेलं लेकरू होतं का, हे विचारावं.