त्रिगुणी लस मराठवाड्यात पोहोचली तेव्हा

पूर्वी मराठवाड्यातल्या खेड्यांत बाळंतपणं घरीच व्हायची. हाताशी असेल त्या विळ्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लागायचं. सटवाई पुजायच्या सुमारास, छान अंगावर पिणारं बाळ अचानक पिणं सोडायचं. दातखीळ बसायची, झटके यायचे, अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. शेणामातीतले धनुर्वाताचे जंतू नाळेतून शिरलेले असायचे, पण बोल लागायचा सटवाईच्या लिखिताला.

खरं तर इलाजाची वाट केव्हाच सापडली होती. 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वाताच्या विषावरचा उतारा दाखवला. 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी फॉर्मॅलिन आणि उष्णतेने ते विष निकामी करून त्याचीच लस केली. डांग्या खोकल्याच्या लसीचं मोठं श्रेय पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींचं. 1930 च्या दशकात मिशिगनमध्ये दिवसाची नोकरी आटोपून त्या रॉकेलच्या दिव्यात घरोघरी फिरायच्या, खोकणाऱ्या लेकरांचे नमुने गोळा करायच्या. 1940 च्या दशकात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात अशा तिन्ही लसी एकाच बाटलीत आल्या, तीच त्रिगुणी.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय आलं 1956 मध्ये. देशात 1978 ला लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तो बहुतांशी शहरांत राहिला. खेड्यांकडे तो वळला 1985 नंतर. त्रिगुणी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि गोठली तरी वाया जाते. चाळिशीपार उन्हात बर्फाच्या डब्यातून ती तांड्यावर नेणाऱ्या नर्सबाईंचं काम किती जोखमीचं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. 2015 मध्ये माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं.

घटसर्प आणि डांग्या खोकला मात्र गेलेले नाहीत. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस (आता 'पेंटा', म्हणजे पाच आजारांवरची एकच लस) बहुधा होतात; राहतात ते दीड ते दोन वर्षांचा आणि पाच वर्षांचा बूस्टर. बीड-धाराशिवची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. फडात पोर लसीने तापलं तर आईचा खाडा पडतो, उचल फिटायची असते. त्या आईला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे. तिला कुणीतरी सांगायला हवं की चुकलेला डोस मिळेल त्या गावात, फुकट घेता येतो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.