गूनहिलीचा उलटा आटा

पारदर्शक काचेचं घड्याळ मागच्या बाजूने पाहिलं, तर काटे उलटे फिरताना दिसतात. घड्याळ तेच, पाहणारा तेवढा पलीकडे गेलेला. १९६२ च्या जुलैत एवढ्याशा गोष्टीने ब्रिटनच्या पहिल्या उपग्रह भूकेंद्राची पहिल्याच रात्री फजिती केली.

हे केंद्र गूनहिलीला, कॉर्नवॉलच्या दक्षिण टोकाजवळच्या उजाड माळावर. जवळच पोल्धू आहे; १९०१ मध्ये मार्कोनीचा बिनतारी संदेश अटलांटिकपार गेला तो तिथूनच. ब्रिटिश टपाल खात्याला हा माळ आवडला, कारण पश्चिमेचं क्षितिज मोकळं, आसपास विद्युत गोंगाट कमी आणि पायाखाली भक्कम खडक. तो लागणारच होता. २५.९ मीटर व्यासाची ‘आर्थर’ नावाची तबकडी सांगाड्यासकट १,११८ टन भरते.

एवढं वजन एका जागी उभं करून भागत नव्हतं. अटलांटिकपार टीव्हीचं चित्र पोचवणारा टेलस्टार उपग्रह दर २ तास ३७ मिनिटांनी पृथ्वीला फेरी मारायचा आणि युरोप-अमेरिकेला एकाच वेळी दिसायचा तो जेमतेम वीसेक मिनिटं. तेवढ्या वेळात तबकडीने त्याच्यावरची नजर न हलवता फिरायचं. त्याच्या लहरी सोडणाऱ्या यंत्राची ताकद झिरोच्या बल्बलाही पुरली नसती. जमिनीवर पोचणारा संदेशाचा कणभर अंश पकडायला द्रव हीलियममध्ये गार केलेला ‘मेसर’ हा प्रवर्धक, म्हणजे क्षीण संदेश वाढवणारं यंत्र, लागायचा.

टेलस्टार १० जुलैला सुटला. त्या रात्री अमेरिकेहून आलेलं चित्र फ्रान्सच्या प्लमर-बोदू केंद्रात स्वच्छ उमटलं, गूनहिलीत मात्र नुसत्या पुसट सावल्या. टेलस्टारच्या लहरी सरळ न येता मळसूत्रासारखा पीळ घेत येत. पीळ उजवा की डावा, हे लहरीच्या पाठीमागून पाहून ठरवायचं की समोरून, यावर व्याख्येतच संदिग्धता होती. त्यामुळे गूनहिलीत एक भाग उलटा बसला. सुलट्या आट्यांच्या बोल्टवर उलट्या आट्यांचा नट चढवून पाहा, तसंच झालं. दोष लगेच सापडला, भाग फिरवला आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटनचं चित्रही अमेरिकेत दिसलं.

खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकेच्या अँडोव्हर केंद्रात आणि फ्रान्समध्ये अँटेना होता तो ५४ मीटर लांबीचा राक्षसी कर्णा, त्यावर फुगवलेला घुमट. इंग्रजांची तबकडी उघडी, वाऱ्यापावसात उभी आणि पुष्कळ स्वस्त. पहिल्या रात्री मान खाली घालायला लागली ती तिलाच, पण पुढे जगभर चलन पडलं तेही तिच्याच घडणीचं.

आपल्याकडे नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये विक्रम भूकेंद्र सुरू झालं, तिथेही तबकडीच होती, २९.७ मीटरची. आर्थरपेक्षा मोठी, पण काम निवांत. एव्हाना उपग्रह ३६,००० किलोमीटरवर गेले होते आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आकाशात जवळपास एकाच जागी दिसत. आर्थरसारखी धावपळ आर्वीच्या वाट्याला आलीच नाही.

२००३ मध्ये आर्थरला वारसा वास्तू म्हणून संरक्षण मिळालं. पाच वर्षांनी, तोवर केंद्र चालवणाऱ्या बीटी कंपनीने तिथलं उपग्रहांचं काम थांबवलं. नंतर नव्या कंपनीने केंद्र पुन्हा चालू केलं आणि शेजारची ३२ मीटरची तबकडी दूरच्या अंतराळयानांशी बोलण्यासाठी सज्ज केली.