जुने ऑडिओ गेम नव्या विंडोजवर मुके का होतात?

ऑडिओ गेम म्हणजे अंधांना फक्त कानांनी खेळता येणारा गेम. नव्या लॅपटॉपवर 'ट्रूपेनम' हा असा एक जुना गेम चालू करायला एन्टर दाबलं की गोळ्यांच्या आवाजाऐवजी बरेचदा स्क्रीन रीडरचाच, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामचाच, आवाज येतो: 'रन-टाइम एरर ४२९'. हे नशीब बरं असेल तर. नाहीतर काहीच ऐकू येत नाही. ज्या गेममध्ये बघण्यासारखं काही नाहीच, तिथे या शांततेचा अर्थ काय लावायचा? गेम लोड होतोय, बंद पडलाय, की आवाज दुसऱ्याच हेडफोनकडे गेलाय?

हे गेम साधारण १९९८ ते २०१० या काळातले. त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या नव्हत्या. कॅनडातलं जीएमए गेम्स, 'ट्रूपेनम' बनवणारं अमेरिकेतलं बीएससी गेम्स, एल-वर्क्स अशी एकट्यादुकट्यांनी चालवलेली ही दुकानं. पण काम बारीक होतं. जीएमएच्या 'शेड्स ऑफ डूम'मध्ये बोळातून चालताना बाजूला वाट फुटली की तिकडून वाऱ्याचा आवाज येतो. डाव्या कानात वारा आला की डावीकडे वळायचं, एवढं साधं. डोळसांच्या गेममध्ये नकाशा कोपऱ्यात असतो, इथे तो कानात आहे.

यातल्या बऱ्याच गेमचा पाया व्हिज्युअल बेसिक ६ ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामिंग भाषा. ती १९९८ साली आली. शिकायला सोपी, मजकूर टाइप करून काम होणारी, त्यामुळे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध प्रोग्रामरांनाही ती जमली. आवाजासाठी सोबतीला डायरेक्टएक्स ८, म्हणजे गेमना आवाज आणि चित्रं पुरवणारा विंडोजचा भाग. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे 'डीएक्स८व्हीबी.डीएलएल' नावाची एक फाइल. विंडोज एक्सपीत ती आयतीच असायची, म्हणून गेमसोबत ती द्यावी असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि तिच्यात ही फाइल नव्हती. गेमला ती सापडली नाही की येतो तो एरर ४२९. गंमत अशी, की व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्राम चालवणारा भाग मायक्रोसॉफ्टने आजही विंडोज ११ मध्ये ठेवलाय. म्हणजे गेमचा मेंदू शाबूत आहे, फक्त घसा काढून घेतला. त्याच व्हिस्टात ध्वनीची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली गेली. डायरेक्टसाउंडचा, म्हणजे डायरेक्टएक्सच्या आवाजाच्या भागाचा, त्रिमितीय आवाज साउंड कार्डाच्या हार्डवेअरवर चालवायची सोय तेव्हाच गेली. डोळस खेळाडूंचा यात थोडा रंग उडाला असेल. इथे शत्रू कुठे आहे हे सांगणारी एकमेव खूणच त्या आवाजात होती.

४२९ वरचा उपाय तसा छोटा. जुन्या एक्सपीतली ती फाइल आणायची, नव्या संगणकावर ठेवायची आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने 'रेगएसव्हीआर३२' ही विंडोजची आज्ञा चालवून तिची नोंद करायची. फसगत होते ती फोल्डरच्या नावात. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट फाइल 'सिस्टिम३२'मध्ये नाही, तर 'सिसवॉव६४'मध्ये ठेवावी लागते. हे उलटं बारसं कुणी केलं असेल ते असो, पण माणसं अडकतात ती इथेच. फाइल कुठल्याही डाउनलोड साइटवरून उचलू नये हे वेगळं सांगायला नको.

त्याहून जुन्या, विंडोजआधीच्या डॉसच्या काळातल्या १६-बिट गेमचं दुखणं वेगळं. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. ३२-बिट विंडोज १० पर्यंत ती पळवाट होती. विंडोज ११ फक्त ६४-बिट येते, त्यामुळे तीही बंद झाली. लोक लगेच डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आत जुना डॉस संगणक उभा करणारा प्रोग्राम, सुचवतात. पण डॉसबॉक्स मजकूर चित्रासारखा रंगवतो, आणि स्क्रीन रीडरला त्या चित्रातलं अक्षर वाचता येत नाही. आवाजाच्या फायली वाजवणाऱ्या गेमला तो उपयोगी पडतो. नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या गेमपुढे मात्र आपण पुन्हा आंधळेच.

पुढे स्वीडनमधून बीजीटी हे खास ऑडिओ गेमसाठीचं साधन आलं आणि डीएलएलची कटकट बरीच मिटली. मग दुसरीच पीडा लागली. बीजीटीत बनवलेल्या फायली अँटिव्हायरसला संशयास्पद वाटतात. गेम उतरवून घ्यावा आणि उघडण्याआधीच तो गायब व्हावा, असं होतं. जपानी गेमची तऱ्हा तिसरीच. 'बोकुरानो दाइबोकेन ३' नीट चालवायचा तर विंडोजच्या सेटिंगमध्ये नॉन-युनिकोड, म्हणजे जुन्या पद्धतीने अक्षरं साठवणाऱ्या प्रोग्रामांची, भाषा जपानी करावी लागते.

एवढं करून गेम बोलू लागला, तरी बाणांची बटणं स्क्रीन रीडरच मधल्यामध्ये पकडतो असं वाटलं, तर एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरमध्ये त्या गेमपुरता स्लीप मोड लावून त्याला गप्प करायचं: एनव्हीडीएचं ठरवलेलं बटण, शिफ्ट आणि एस. लॅपटॉप मांडणीत एसऐवजी झेड.

शेवटची अडचण मात्र तांत्रिक नाहीच. विकत घेतलेल्या कित्येक गेमची किल्ली त्या त्या संगणकाशी बांधलेली असायची. संगणक बदलला की गेम एक नवा क्रमांक वाचून दाखवतो आणि तो बनवणाऱ्याला कळवायला सांगतो. बीएससीने आपले गेम नंतर फुकट करून टाकले, त्यामुळे 'ट्रूपेनम'वाले यातून सुटले. बाकी काही ठिकाणी तो क्रमांक घ्यायला पलीकडे आता कुणी नाही.