पैशाच्या पुडीपासून पॅरासिटामॉलच्या पट्टीपर्यंत

१८९२ साली बंगालमधल्या पोस्टाच्या खिडकीवर तिकिटांबरोबर आणखी एक वस्तू मिळू लागली. क्विनीनची पुडी, किंमत एक पैसा. घरात कोणाला थंडी वाजून ताप भरला की दुसऱ्या कोणी पोस्टात जायचं, पैसा ठेवायचा आणि पुडी घेऊन यायची. डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती. लागली असती तरी ती लिहायला डॉक्टर कुठे होता? हिवतापाने गावंच्या गावं अंथरुणाला खिळत होती आणि डॉक्टर शहरात होते. सरकारने १८६० च्या दशकापासून नीलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड केली होती. त्या झाडाच्या सालीतलं औषध पोस्टाच्या वाटेने खेड्यात पोचवायचं, अशी ही सोय.

किरकोळ दुखण्यांवर मेडिकलमधून थेट घेता येणाऱ्या औषधांचा विषय निघाला की मला आधी ही पुडी आठवते. या औषधांचा खरा फायदा काय, ते तिच्यात स्पष्ट दिसतं. औषध डॉक्टरच्या आधी पोचतं. अंगात कणकण आहे, डोकं ठणकतंय, पोट बिघडलंय, एवढ्यासाठी तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं, तपासणीची फी आणि बुडालेला रोज, सगळं आलं. मजुरी करणाऱ्या बाईला दोन रुपयांची गोळी वेळेवर मिळाली तर तिचा पूर्ण दिवस वाचतो. शिवाय दवाखान्यातली रांग तेवढी कमी होते आणि डॉक्टरला खऱ्या आजाऱ्याकडे बघायला सवड मिळते.

पोस्टातल्या त्या पुडीच्याच सुमारास, १८९३ मध्ये, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत अमृतांजन काढलं. पुढे १९१४ मध्ये हा कारखाना मद्रासला गेला, पण डोकेदुखीला बाम चोळायची सवय घराघरांत कायमची राहिली.

मात्र पुडीत नेमकं काय आहे, हे कोण बघणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात परदेशी आणि देशी औषधांचा सुळसुळाट झाला होता. त्यात भेसळीचं, कमी ताकदीचं क्विनीनही होतं. तापाने फणफणलेल्या माणसाने विश्वासाने गोळी गिळावी आणि तिच्यात औषधच पुरेसं नसावं, याहून मोठी फसवणूक दुसरी नाही. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालातून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. दुकानदाराला परवाना, कारखान्याला परवाना, वेष्टनावर घटकांची नावं, हे सगळं तिथून सुरू झालं.

या नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आजीचा फडताळातला डबाच समोर उघडल्यासारखं वाटलं. अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाशामक बाम, आम्लपित्तावरची औषधं, ग्राइप वॉटर, एरंडेल, निलगिरीचं तेल, टिंक्चर आयोडिन, भाजल्यावरचं मलम. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात ही औषधं विक्रीच्या परवान्याशिवायही विकता येतात. मुख्य अट ही की माल परवानाधारक कारखान्याचा हवा आणि मूळ वेष्टन न फोडता विकायला हवा. कायदा लिहिणाऱ्यांना खेड्यातलं अंतर ठाऊक होतं, याचा मला आदर वाटतो.

या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात मोलाचं पान मात्र १९७१ सालचं आहे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं आणि माणसं जमिनीवर पडून मरत होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी पिंपांतून द्यायला सुरुवात केली. पाजणारे कोण, तर रोग्यांचेच नातेवाईक. आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना मिठाला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणीही शरीरात जातं. सुई लागत नाही. जिथे तीस टक्क्यांच्या आसपास रोगी दगावत होते, तिथे हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आईने, बहिणीने, शेजारणीने द्यायचं औषध एवढे जीव वाचवू शकतं, हे त्या चिखलात सिद्ध झालं. आपल्याकडे जामखेडला आरोळे दांपत्याने तयार केलेल्या गावातल्या आरोग्यसेविकाही मीठ-साखर-पाण्याचा हाच धडा घरोघर शिकवत आल्या. आज ओआरएसचं, म्हणजे अशाच मीठ-ग्लुकोजच्या मिश्रणाचं, साडेवीस ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं, अर्ध्या लिटरमध्ये नाही. प्रमाण चुकलं की औषधच बाधतं. म्हणूनच गोड पेयांच्या खोक्यावर ‘ओआरएस’ छापायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, ते फार योग्य झालं.

पॅरासिटामॉलचंही तसंच आहे. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात चार ग्रॅमची, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्यांची कमाल मर्यादा. त्यापुढे यकृताला धोका. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. तापाची एक आणि सर्दीची एक अशा दोन्ही घेणाऱ्याच्या पोटात ते नकळत दुप्पट जातं. ब्रिटनने १९९८ मध्ये साध्या दुकानात एका पाकिटात सोळाच गोळ्या अशी मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षांत त्या गोळ्यांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू कमी झाले.

अमेरिकेने चिठ्ठीची आणि बिनचिठ्ठीची औषधं १९५१ मध्येच कायद्याने वेगळी केली. आपल्या कायद्यात मात्र अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’ या चिठ्ठीच्या औषधांच्या याद्यांमध्ये जे नाही ते चिठ्ठीशिवाय, असा उलटा हिशोब चालत आला. त्यामुळे काउंटरवर क्रोसिन मागणारा आणि उरलेल्या अँटिबायोटिकची पट्टी दाखवून ‘हेच द्या’ म्हणणारा, दोघे एकाच रांगेत उभे असतात. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने सोळा औषधं चिठ्ठीशिवाय विकू देण्याच्या नियमाचा मसुदा काढला. त्यात पॅरासिटामॉल होतं, पोव्हिडोन आयोडिन होतं, बद्धकोष्ठतेवरची औषधं होती. पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जावं, आणि पाकीटही पाच दिवसांपुरतंच असावं, अशा अटी होत्या.

अटी चांगल्या आहेत. पण माझ्या घरातल्या पट्ट्या काढून पाहिल्या, तर त्यांच्या मागचा मजकूर बारीक इंग्रजीत आहे. पाच दिवसांनी थांबा, दिवसात आठच्या वर नको, या दोन ओळी मराठीत एकीवरही नाहीत.