ट्रफल की मशरूम? बुरशी एकच, कायदे दोन

‘मॅजिक ट्रफल म्हणजे मशरूम नव्हे, त्यामुळे मागवायला हरकत नाही’ हे नशेच्या बुरशीबद्दलचं तर्कशास्त्र हल्ली कोल्हापुरातल्या कॉलेजच्या कट्ट्यांवरही ऐकू येतं. त्यातला पहिला भाग निम्मा खरा आहे, दुसरा साफ खोटा. निम्मा खरा कसा, ते आधी बघू. खरी गंमत तिथेच आहे.

महागड्या हॉटेलांत पदार्थांवर किसून घालतात ते ट्रफल ‘ट्यूबर’ प्रजातीचं. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी भागीदारी करून ते मातीत वाढतं, आणि त्याच्या आत बीजाणू असतात. म्हणजे जमिनीखाली असलं तरी ते त्या बुरशीचं फळच. ‘मॅजिक ट्रफल’चा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ते सिलोसायबी मेक्सिकाना किंवा सिलोसायबी टॅम्पानेन्सिस अशा बुरशांचं असतं, आणि ते फळही नाही. ती असते बुरशीच्या तंतूंची घट्ट गाठ. तिला म्हणतात स्क्लेरोशियम.

स्क्लेरोशियम बघायला परदेशी जायला नको. भुईमुगाचं किंवा सोयाबीनचं रोप अचानक सुकलं, तर बुंध्याजवळची माती हलकेच बाजूला करा. खोडावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ते स्क्लेरोशियम रोल्फसी या खोडकुजीच्या बुरशीचे स्क्लेरोशिया आहेत. फवारणीनंतरही पुढच्या हंगामात रोग त्याच पट्ट्यात उगवतो तो या दाण्यांमुळे. ते वरच्या थरातच जास्त टिकतात, म्हणून खोल नांगरट करून त्यांना खाली गाडायला सांगतात.

हे दाणे बनतात कसे? बुरशीचं खरं शरीर म्हणजे केसाहून बारीक तंतूंचं जाळं. अन्न संपत आलं किंवा ओल हटायला लागली की काही तंतूंची टोकं पुढे पळायचं सोडून जागच्या जागी फाटे फोडू लागतात. फाट्यांना फाटे फुटतात, ते एकमेकांत गुंततात, चिकटतात आणि गाठ तयार होते. गाठ घट्ट होताना आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. कोवळ्या स्क्लेरोशियमवर त्याचे थेंब चक्क डोळ्यांनी दिसतात. अनेक जातींत बाहेरच्या पेशींच्या भिंती जाड होऊन त्यात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य साठतं, आणि आतल्या पेशींत ग्लायकोजेन, प्रथिनं, चरबी भरली जाते. थोडक्यात, जुन्या वाड्यातलं धान्याचं पेव. दुष्काळ सरला की याच गाठीतून पुन्हा तंतू फुटतात, किंवा थेट छत्री, म्हणजे मशरूम, उगवते.

छत्रीचं काम वेगळं. तिच्या पडद्यांवर दोन केंद्रकांचं मीलन होतं, गुणसूत्रांची वाटणी होते आणि बीजाणू सुटतात. स्क्लेरोशियममध्ये यातलं काहीच घडत नाही. छत्री पुढच्या पिढीसाठी, गाठ स्वतः तग धरण्यासाठी. पण दोन्ही एकाच जाळ्यातून आलेली, त्यामुळे डीएनए तपासला तर उत्तर एकच येणार. नशा आणणारं रसायनही तेच, सिलोसायबिन. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून चार विकरं (एन्झाइम) टप्प्याटप्प्याने ते बनवतात. ही साखळी जर्मनीतल्या येना इथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये उलगडली. पोटात गेल्यावर त्याचा फॉस्फेट गट सुटतो, सिलोसिन उरतं, आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ५-एचटी-२ए ग्राहींना जाऊन चिकटतं. ‘जादू’ ती एवढीच. हाच वेदांतला सोमरस, असे संदेश फिरतात त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. सोम म्हणजे बुरशी हा अमेरिकन बुरशी-अभ्यासक वॉसन यांचा १९६८ चा तर्क होता, तोही लाल छत्रीच्या अमानिटा मस्कारियाबद्दल, आणि तिच्यात सिलोसायबिन नसतंच.

आता कायदा. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सिलोसायबिन आणि सिलोसिन ही रसायनं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक यादीत, आहेत, बुरशीची नावं नाहीत. नेदरलँड्समध्ये ताजी छत्री उघड विकली जायची. २००७ मध्ये ती खाल्लेली एक फ्रेंच मुलगी ॲमस्टरडॅममध्ये उंचावरून पडून मरण पावली, मोठी चर्चा झाली, आणि १ डिसेंबर २००८ पासून नावानिशी यादी करून मशरूमवर बंदी आली. यादी छत्र्यांची होती, गाठी त्यातून सुटल्या. दुकानदारांनी फळीवरचा माल तेवढा बदलला.

आपल्याकडे अशी फट नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत ही दोन्ही रसायनं आहेत. ती छत्रीतून आली की गाठीतून, याने रसायन बदलत नाही. परदेशातून पार्सल मागवलं तर कलम २३, आयातीचं. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर म्हटलं की मशरूम हे ‘मिश्रण’ धरता येणार नाही. काहींनी त्याचा अर्थ परवानगी असा लावला. वाद होता वजन कशाचं धरायचं याचा, अख्ख्या मशरूमचं की त्यातल्या सिलोसायबिनचं, आणि अल्प प्रमाणालाही १ वर्षापर्यंत सक्तमजुरी आहेच. गंमत अशी की अवयव बघून भेद करणं आपल्या कायद्यालाही परकं नाही. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग केंद्रीय कायद्यातून निसटते. महाराष्ट्रात तिला दारूबंदी कायदा गाठतो, एवढंच.

‘नैराश्यावर औषध’ हा दावाही नेमकेपणाने घ्यायला हवा. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांना, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन वापरायला परवानगी दिली. ते मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गाठीत किंवा छत्रीत किती मिलिग्रॅम आहे हे तिच्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही.

त्याहून मोठा धोका ओळख चुकण्याचा. गगनबावडा, राधानगरीकडे पावसाळ्यात शेणावर, कुजक्या लाकडावर कितीतरी तपकिरी छत्र्या उगवतात. देठ दाबल्यावर निळा झाला म्हणजे ती सिलोसायबिनचीच, असं नाही. निळ्या पडणाऱ्या बुरशा इतरही आहेत. ॲमाटॉक्सिन हे जीवघेणं विष असलेली छत्री पोटात गेली तर पहिले सहा ते बारा तास बहुधा काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. थेट कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा, आणि उरलेली छत्री देठाच्या बुडासकट कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती काही तासांत सडते आणि ओळखता येत नाही.