वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट? अजिबात नाही

बुधवार पेठेत होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य खोका) घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा?" वॅट दुप्पट की आवाज दुप्पट, हा वर्षानुवर्षांचा समज साफ चुकीचा आहे. वॅट दुप्पट झाले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं एकक). कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ८० आणि १०० वॅटमधला फरक घरात जेमतेम कळेल. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका! खोक्यावरचा आकडा किती चॅनेल (म्हणजे स्पीकरच्या वेगवेगळ्या लाइन) एकदम चालवून मोजलाय, तेही वाचा. बऱ्याचदा दोनच असतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठ्याने वाजतो, ते बघा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो. रिसीव्हर जोडताना मात्र टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच केबल लावा; टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे त्यातूनच जातो.